जपानी सुकी अ‍ॅबलोनी, कँटोनीज पद्धतीने

दक्षिण चीनच्या कँटोनीज मेजवानीत सुक्या अ‍ॅबलोनीचा मान मोठा, आणि हा शिंपल्यातला जीव जपानचाच हवा हा आग्रहही जुना. एदो काळात (1603 ते 1868) नागासाकी बंदरातून तो चीनला जायचा. आज इवातेतल्या योशिहामाचा आणि आओमोरीतल्या ओमाचा माल सर्वांत वरचा मानतात. योशिहामाच्या नगावर मधोमध दोरीची खूण दिसते, ओमाच्या नगाला कडेला दोन भोकं असतात. हाँगकाँगचे शेफ यूंग कून-यात यांचं नाव याच पदार्थाने झालं.

भाव ‘डोक्यां’वर ठरतो, म्हणजे 600 ग्रॅममध्ये किती नग बसतात त्यावर. 20 डोक्यांचा नग साधारण 30 ग्रॅमचा. आकडा लहान तसा नग मोठा आणि महाग. पहिल्यांदा करताना 20 ते 25 डोक्यांचेच घ्या, मोठा नग गाभ्यापर्यंत शिजवणं अवघड जातं.

6 नग गार पाण्यात, फ्रिजमध्ये, 3 दिवस भिजवा आणि पाणी रोज बदला. सोडे तासाभरात फुगतात, तो हिशेब इथे चालत नाही. मग उकळत्या पाण्यात सोडून गॅस बंद करा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ ब्रशने कडेच्या घड्या घासा आणि टोकाशी असलेलं कडक तोंड कापून टाका. घड्यांत वाळू राहिली तर शेवटच्या घासापर्यंत कचकचते.

रश्श्यासाठी दीड किलोची जून कोंबडी, 500 ग्रॅम डुकराच्या बरगड्या, 300 ग्रॅम कोंबडीचे पाय आणि 100 ग्रॅम जिन्हुआ हॅम (खारवून सुकवलेली चिनी डुकराची मांडी) घ्या. सगळं 5 मिनिटं उकळून ते पाणी ओतून टाका, नाहीतर रस्सा गढूळ आणि खारट होतो. मातीच्या जाड भांड्यात तळाला बांबूची चटई घाला, कारण पायांतला चिकट अंश तळाला धरतो आणि एकदा करपला की वास जात नाही. अर्धं मांस खाली, त्यावर अ‍ॅबलोनी, वर उरलेलं मांस, 15 ग्रॅम खडीसाखर आणि सगळं बुडेल इतकं गरम पाणी. लोखंडी भांडं नको, रंग काळवंडतो.

आता 12 ते 14 तास अगदी मंद आच. अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा. खळखळ उकळलं तर कडा फाटतात आणि गाभा मात्र कडकच राहतो. पाणी आटलं तर गरमच घाला. मीठ आणि ऑयस्टर सॉस या टप्प्यावर अजिबात नको, मांस आखडतं. लाकडी काडी मधोमध सहज शिरली की गॅस बंद करा आणि नग त्याच रश्श्यात रात्रभर मुरू द्या. ही रात्र वाचवू नका, चव आत उतरते ती तेव्हाच.

वाढण्यापूर्वी 300 मिली रस्सा गाळून निम्मा आटवा, त्यात 2 चमचे ऑयस्टर सॉस, अर्धा चमचा डार्क सोया आणि पाण्यात कालवलेला 1 चमचा बटाट्याचा स्टार्च घाला. रस चमच्याच्या पाठीवर थांबला पाहिजे. नग त्यात 10 मिनिटं गरम करून अख्खाच वाढा, सोबत सुरी-काटा. कापताना मध्यभागी सुरी किंचित चिकटते आणि तिथे मऊ, तपकिरी, गुळाच्या पाकासारखा गाभा दिसतो. कँटोनीजमध्ये याला ‘थाँगसम’ म्हणतात. तो सुकवल्यावर वर्ष-दोन वर्षं मुरवलेल्या मालातच नीट उतरतो. ताज्या सुकवलेल्या फिकट नगाकडून तो मिळत नाही, कितीही तास शिजवा.

उरलेला रस्सा गाळून फ्रीझ करा. भिजवलेले जपानी दोन्को शिताके (जाड टोपीचे सुके मशरूम) त्यात 40 मिनिटं शिजवले की दुसऱ्या दिवसाचं जेवण होतं.