बोटीचं टू-स्ट्रोक इंजिन: ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं की पंपावर सोडायचं?

टू-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी फिरत राहणारा ऑइलचा साठा नसतो. क्रँकच्या बेअरिंगला, पिस्टनला आणि रिंगांना जे काही ऑइल मिळतं ते पेट्रोलबरोबर आत येतं, आपलं काम करतं आणि जळून जातं. ते आत पोचवायचे मार्ग दोन: टाकीतच मिसळून द्यायचं, म्हणजे प्रीमिक्स, किंवा वेगळ्या टाकीतून पंपाने मोजून द्यायचं, म्हणजे ऑइल इंजेक्शन.

यातला कोणता घ्यायचा हे बोट कशी वापरली जाते त्यावर ठरतं. नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर रोज फिरणाऱ्या, बराच वेळ हळू चालणाऱ्या बोटीला इंजेक्शन बरं. हळू चालताना पंप ऑइल कमी देतो, त्यामुळे धूर कमी होतो आणि प्लग काळे पडत नाहीत. पण गोदावरीला पूर आला की बाहेर काढायच्या बचाव बोटीचं इंजिन वर्षातले बहुतेक महिने शेडमध्ये पडून असतं आणि मग एका हाकेत पूर्ण थ्रॉटलवर चालावं लागतं. तिथे प्रीमिक्सच हवं. पडून राहिलेला पंप ऐनवेळी ऑइल देतोय की नाही हे वरून दिसत नाही. डब्यात मिसळलेलं ऑइल आपल्या डोळ्यांसमोर मिसळलेलं असतं. २०२७ च्या सिंहस्थाची मुख्य स्नानं ऐन पावसाळ्यात आहेत. त्या काळात घाटावर बोट सज्ज ठेवणाऱ्यांनी हा निर्णय आधीच घेऊन ठेवावा.

प्रीमिक्स करताना

प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेतलंच धरायचं. बहुतेक आउटबोर्डना, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनांना, ५०:१ (पेट्रोल ५० भाग, ऑइल १ भाग) चालतं, म्हणजे लिटरला २० मिली. जुन्या इंजिनांना आणि रनिंग-इनच्या, म्हणजे नवं इंजिन रुळण्याच्या काळात बऱ्याच ठिकाणी २५:१ सांगितलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिली. २४ लिटरच्या टाकीला ५०:१ ने ४८० मिली लागतात. ते मापाच्या भांड्यानेच मोजा. बाटलीच्या झाकणाने किंवा अंदाजाने नको.

आधी टाकीत ५ लिटर पेट्रोल घ्या, सगळं ऑइल त्यात ओता, झाकण घट्ट लावून नीट हलवा आणि मग उरलेलं पेट्रोल भरून पुन्हा हलवा. भरलेल्या टाकीत वरून ऑइल ओतलं तर ते तळाशी बसतं. पाइप तळातूनच ओढतो, त्यामुळे इंजिनाला आधी नुसतं घट्ट मिश्रण जातं आणि प्लग भिजतो. शेवटी उरलेल्या पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडतं.

‘चार थेंब जास्त घातले तर काय बिघडतं?’ असं वाटतं, पण बिघडतं. ऑइलने पेट्रोलची जागा घेतली की जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रातून येणारं पेट्रोल तेवढं कमी होतं आणि हवा तेवढीच राहते. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊन इंजिन उलट जास्त तापतं.

ऑइल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच, म्हणजे पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचंच घ्या. दुचाकीचं टू-टी ऑइल हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. त्यातल्या धातूयुक्त घटकांची राख पाण्यावर थंड होणाऱ्या सिलिंडरमध्ये साठते, रिंगा चिकटतात, प्लग शॉर्ट होतो. अपवाद सी-डू या पाण्यावरच्या स्कूटरच्या टू-स्ट्रोक रोटॅक्स इंजिनांचा: त्यांच्या पुस्तिकेत टीसी-डब्ल्यू३ ला मनाई असते आणि कमी राखेचं एपीआय टीसी ऑइल सांगितलेलं असतं.

आता पेट्रोलबद्दल. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी शोषतं. पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या डब्यात पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी उतरतं, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. इंजिन तळाचा थर ओढतं तेव्हा त्याला जवळजवळ ऑइलच मिळत नाही. म्हणून मिश्रण महिन्याभरात संपवा. शंका आली तर काचेच्या बाटलीत थोडं काढून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते इंजिनात घालू नका. जुने रबरी पाइप आणि हातपंपाचा बल्बही इथेनॉलने फुगतात, चिरतात. ते तपासून बदला.

इंजेक्शन असेल तर

बहुतेक इंजिनांत इंजेक्शनचा पंप क्रँकवरून फिरतो आणि त्याचा लिव्हर थ्रॉटलला जोडलेला असतो. बिघाड बहुधा तीन ठिकाणी होतो. थ्रॉटलची जोडणी सैल पडली तर हळू चालताना सगळं ठीक वाटतं, पण पूर्ण वेगात लिव्हर पुरता उघडत नाही आणि नेमकं तेव्हाच ऑइल कमी पडतं. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या थ्रॉटलच्या स्थितीत लिव्हर पंपावरच्या खुणेशी जुळतो का ते बघा. काही इंजिनांत पंप फिरवणारं प्लास्टिकचं गिअर झिजतं. आणि पाइपमध्ये हवा राहते.

ऑइलची टाकी एकदा रिकामी झाली किंवा पाइप काढला, की हवा काढावीच लागते. आधी पेट्रोलच्या टाकीत ५०:१ मिश्रण भरा. पंपाचा एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या आणि स्क्रू घट्ट करा. मग इंजिन थंड ठेवायला पाण्याची सोय करून ते आयडलवर ठेवा, पंपाचा लिव्हर हाताने पूर्ण उघडा आणि पारदर्शक पाइपमधले बुडबुडे जाईपर्यंत धरून ठेवा.

पंप खरंच ऑइल देतो का हे बघायलाही हेच मिश्रण वापरा. ऑइलच्या टाकीवर पातळीला चिकटपट्टी लावा, बोट तासभर मध्यम ते जास्त वेगात चालवा आणि पातळी बघा. ती हललीच नसेल तर पंप बंद आहे. इंजिन वाचलं ते मिश्रणामुळे.

इंजेक्शन काढून प्रीमिक्सवर जायचं असेल, तर पंप तसाच फिरत ठेवू नका: कोरडा फिरून तो घासतो आणि कचरा इंजिनात जातो. पंप आणि त्याचं गिअर काढून जागी झाकणपट्टी बसवा, कार्ब्युरेटरकडची ऑइलची तोंडं बुचाने बंद करा. उघडी राहिली तर तिथून हवा ओढली जाते. रोटरी व्हॉल्व्हच्या (फिरत्या झडपेच्या) रोटॅक्समध्ये व्हॉल्व्हच्या गिअरला ऑइल देणारे पाइप वेगळे असतात. ते बंद करायचे नाहीत.

पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून इंजिन जाम झालं की दोष ऑइलवर येतो, पण गोदावरीत जलपर्णीचाही मोठा हात असतो. पाणी ओढणारी जाळी तिने झाकली की इंजिन तापतं, मग ऑइल कितीही असो. मागची पाण्याची पिचकारी बारीक झाली की लगेच इंजिन बंद करून जाळी साफ करा.

बोट ठेवून देताना टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू काढून पेट्रोल सोडा, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घाला आणि दोरी चार-पाच वेळा हळू ओढा. जूनच्या पहिल्या आठवड्यात ताजं मिश्रण आणि नवे प्लग घालून पाण्यात दहा मिनिटं चालवून बघा.