फिट्ससाठी दुसरी गोळी जोडताना

एका औषधाने फिट्स आटोक्यात येत नसल्या, तर त्याच्या जोडीला दुसरं देतात. त्याआधी पहिल्या गोळीचा हिशेब घ्या: डोस पुरेसा होता का, गोळ्या चुकत होत्या का, जागरणं होत होती का? गोळी चुकल्याने आलेल्या फिटवर दुसरी गोळी हा इलाज नव्हे.

पहिली गोळी मनाने बंद करू नका. एकदम तोडल्यास लागोपाठ फिट्स येऊ शकतात. नवी गोळी किती सावकाश वाढवायची, हे जुनी कोणती आहे यावर ठरतं. लॅमोट्रिजिन या फिट्सवरच्या औषधाचंच बघा. जुनं औषध व्हॅल्प्रोएट असेल, तर ते लॅमोट्रिजिनचा शरीरातला निचरा रोखून धरतं, म्हणून प्रौढांना पहिले 2 आठवडे 25 मिलिग्रॅम दिवसाआड आणि पुढचे 2 आठवडे तेवढंच रोज देतात. व्हॅल्प्रोएट नसून कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल, तर यकृत लॅमोट्रिजिन भराभर संपवतं. मग सुरुवातच रोज 50 मिलिग्रॅमने होते. दुसऱ्याची चिठ्ठी बघून डोस ठरवणं इथेच अंगाशी येतं.

लॅमोट्रिजिनचा डोस घाईने वाढवला की पुरळ उठण्याचा धोका वाढतो, विशेषतः पहिल्या 8 आठवड्यांत. सोबत ताप किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 5 दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर थेट जुन्या डोसवर जाऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा, बहुधा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा: त्यांतल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी घटते.

दुसरं औषध लेव्हेटिरासेटाम असेल, तर ते इतर औषधांत फारसं लुडबुडत नाही, पण चिडचिड वाढवू शकतं आणि ती घरच्यांना आधी जाणवते. मूत्रपिंड कमजोर असल्यास डोस कमी लागतो. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, बोलताना शब्द अडतात. मुतखडा टाळायला पाणी भरपूर प्या. क्लोबाझामने गुंगी येते, काहींना पुढे त्याचा गुण कमी होतो.

वही ठेवाच. नोंद अशी: ‘मंगळवार, पहाटे 5:40, झोपेत, अंदाजे 2 मिनिटं, रात्रीची गोळी 3 तास उशिरा.’ फिट 5 मिनिटांत थांबली नाही, तर नोंद राहू द्या, आधी रुग्णवाहिका बोलवा.

योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट्स चालूच राहिल्या, तर निव्वळ तिसऱ्या गोळीने त्या पूर्ण थांबण्याची शक्यता कमी असते. तेव्हा शस्त्रक्रियेसाठी तपासणी करता येईल का, हे अपस्माराच्या तज्ज्ञांना विचारा.