प्रत्यारोपण आणि हायड्रोजन : दावा कसा पारखावा

प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत घरातल्या कुणाचे नाव लागले की मुंबईतील कुटुंबाच्या फोनवर, नव्या अवयवाला जपते असे सांगणारी हायड्रोजनयुक्त पाण्याची जाहिरात आज ना उद्या येतेच. तिच्यामागचे विज्ञान बनावट नाही, पण विकत घेण्यापूर्वी ते कोणत्या क्षणासाठी आहे हे नीट समजून घ्यावे.

दात्याच्या शरीरातून काढलेला अवयव थंड द्रावणात, बर्फाच्या पेटीत ठेवला जातो आणि त्या काळात त्याला रक्त मिळत नाही. हृदयासाठी हा अवधी साधारण 4 तासांचा, मूत्रपिंडासाठी 24 तास किंवा थोडा अधिक धरतात. मुंबईत झेडटीसीसीने (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राने) अवयवाचे वाटप केल्यावर वाहतूक पोलिसांना ग्रीन कॉरिडॉर करावा लागतो तो याच घाईपोटी. मात्र खरी गोम त्यापुढे आहे. रक्तवाहिन्या जोडून झाल्यावर सर्जन रक्त रोखून धरणारे चिमटे (क्लॅम्प) काढतात, फिकट मूत्रपिंड पाहता पाहता गुलाबी होते, आणि नेमके त्याच वेळी परतलेल्या ऑक्सिजनमुळे पेशींमध्ये फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशींना इजा करू शकणाऱ्या अतिक्रियाशील कणांचा, लोंढा सुटून अवयवाला नवी इजा होते. तिला इस्केमिया-रिपर्फ्युजन इजा म्हणतात. 2007 मध्ये जपानमधील शिगेओ ओहता यांच्या गटाने दाखवले की, रेणुरूप हायड्रोजन (H₂ वायू) यांपैकी हायड्रॉक्सिल या सर्वांत विध्वंसक रॅडिकलला निष्प्रभ करतो आणि शरीराला संदेशवहनासाठी लागणाऱ्या सौम्य रॅडिकल्सना फारसा धक्का लावत नाही. त्यानंतर उंदरांवरील प्रत्यारोपणाच्या प्रयोगांत फुप्फुस, आतडे, हृदय व मूत्रपिंड यांना लाभ झाल्याचे आढळले.

म्हणून कुणीही दावा केला की पहिला प्रश्न वेळेचा विचारावा: हायड्रोजन नेमका केव्हा दिला होता? साठवणीच्या द्रावणात, शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासातून, की नंतर पिण्याच्या पाण्यातून? दुसरा प्रश्न, कुणाला दिला होता? माणसांच्या प्रत्यारोपणात त्याचा लाभ मोठ्या चाचण्यांनी अद्याप सिद्ध झालेला नाही. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या 73 रुग्णांवर जपानमध्ये श्वासातून दिलेल्या 2 टक्के हायड्रोजनची चाचणी झाली. ती मुदतीपूर्वीच थांबली आणि मुख्य निकषावरील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरला नाही. शिवाय तो प्रत्यारोपणाचा विषयच नव्हता, तरी विक्रेते तोच दाखला पुढे करतात.

रुग्णालयाने स्वतःहून प्रायोगिक उपचार सुचवला तर सीटीआरआय (भारतातील क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागावा. भारतात जून 2009 पासून क्लिनिकल चाचण्यांची ही नोंदणी सक्तीची आहे. नीतिसमितीची मंजुरी आणि मराठीतील संमतीपत्र हेही पाहावे, आणि चाचणीतील औषधासाठीच पैसे मागितले तर सही करू नये.

घरगुती साधनांबाबत अधिक सावध राहावे. पाण्यात टाकायच्या हायड्रोजन गोळ्यांमध्ये बहुधा मॅग्नेशियम धातू असतो. तो पाण्याशी अभिक्रिया करून वायू सोडतो खरा, पण मॅग्नेशियम पाण्यातच उरते आणि निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. उलट प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिले जाणारे टॅक्रोलिमस हे औषध सुरू झाल्यावर मॅग्नेशियम घसरू शकते आणि डॉक्टर ते मोजून लिहूनही देतात. म्हणजे कमी असो वा जास्त, त्याचा हिशेब त्यांच्याच हाती हवा. डायलिसिसवरील रुग्णाने दिवसाच्या पाण्याच्या मर्यादेत हे पाणी धरलेच पाहिजे. हायड्रोजन आहे म्हणून ते वेगळे मोजले जात नाही. बाटली उघडी राहिली तर वायू उडून जातो आणि मागे नुसते महाग पाणी उरते.

श्वासातून वायू देणारे यंत्र घरात आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेट घेऊ शकतो, आणि एका खोलीच्या घरात गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा व रुग्णाची खाट हाताच्या अंतरावर असतात.

गोळ्या किंवा पाणी आधीच सुरू केले असेल तर लपवू नये. पुढच्या तपासणीला बाटली किंवा वेष्टन सोबत न्यावे, घटकांची यादी रुग्णालयातील प्रत्यारोपण कोऑर्डिनेटरला दाखवावी आणि क्रिएटिनीनसोबत (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीसोबत) मॅग्नेशियमही तपासायचे का, हे डॉक्टरांना विचारावे. तोवर ते थांबवावे. टॅक्रोलिमसची वेळ मात्र एकदाही चुकवू नये.