ब्लँकला करवत लावण्याआधी

साडेसात फुटी, एका तुकड्याचा कार्बनचा ब्लँक, म्हणजे गळाची मूठ-कड्या न बसवलेली नुसती काठी, घरी येऊन पडलाय आणि तो पावणेसात फुटी करायचाय. कारण साधं आहे. रेवदंड्याच्या खाडीत होडीतून जिताड्यामागे फिरताना लांब काठी आड येते. ल्युअर (नकली आमिष) खाली झटकत आणायचा म्हटलं की टोक पाण्यावर आपटतं, फेकायला मागे घेतलं की कांदळवनाच्या फांद्यांत अडकतं, आणि बसून गरवताना बूड बरगडीत खुपतं. होडीवाल्याने एकदा विचारलंही, "काठीनं तळ मोजताय काय?" तेव्हा ९० इंचांचे ८१ करायचे. कापायला दहा मिनिटं लागतात. त्याआधी जे उरकायचं ते इथे लिहून ठेवतोय. पहिल्या ब्लँकच्या वेळी मी यातलं अर्धंही केलं नव्हतं.

आधी हे ठरवा की नकोसे ९ इंच हाताच्या मागचे आहेत की पुढचे. रील सीटच्या (रील जिथे बसते त्या खोबणीच्या) मागचा भाग जवळपास वाकतच नाही, तो कोपराखाली पडून असतो. तक्रार फक्त बरगडीची असेल, तर सीटची जागा न हलवता मागून ३-४ इंच काढा. काठीचा स्वभाव तसूभर बदलणार नाही, फक्त तोल थोडा पुढे झुकेल. पण मागची मूठ हवी तेवढीच ठेवून एकूण लांबी ८१ वर आणायची असेल, तर सीटही ९ इंच पुढे सरकते. म्हणजे आधी हाताच्या पुढे असलेला जाड, ताठ भाग आता मुठीत जातो. हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि बहुतेक जण ते एकच समजून मोकळे होतात.

मग बूड की टोक. व्हर्नियर घ्या आणि मापं लिहा. माझ्या ब्लँकचं बूड १३ मिलिमीटर, टोक १.८, म्हणजे इंचामागे सरासरी ०.१२ मिलिमीटरचा फरक. बुडाचे ९ इंच काढले तर नवं बूड साधारण ११.९ भरेल. तिथला कडकपणा कमी होईल, पण वाकवणारी लांबीही घटलेली असते, त्यामुळे हाताला मोठा बदल लागत नाही. काठी किंचित जास्त खालपर्यंत वाकते, एवढंच. टोकाचं गणित निराळं. तिथले फक्त २ इंच काढले तरी व्यास १.८ वरून २.०५ च्या आसपास जातो. ऐकायला काहीच नाही. पण पातळ भिंतीच्या नळीचा कडकपणा ढोबळमानाने व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे नवं टोक जुन्याच्या जवळजवळ दीडपट कडक. हलका ल्युअर त्याला वाकवूच शकत नाही, फेक आखूड पडते, आणि होडीजवळ आलेल्या माशाने डोकं झटकलं की ताठ टोक गरी तोंडातून उपटून काढतं. ब्लँकवर छापलेला तंगुसाचा आणि वजनाचा आकडा मग विसरायचा. टोक कापायचं ते मोडकं असेल तर, किंवा काठी मुद्दाम जड कामाला लावायची असेल तर, आणि तेही एका वेळी अर्धा इंच. काही ब्लँकना भरीव कार्बनचं टोक चिकटवलेलं असतं. सांध्यापाशी रंग बदलतो नाहीतर बारीक पायरी लागते. त्याच्या वाटेला जाऊ नका.

हे सगळं न कापता पाहता येतं आणि यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. अमेरिकेतल्या बिल हॅनेमन यांनी फ्लाय रॉडची ताकद मोजायला एक सोपी रीत दिली: टोकाला पिशवी टांगायची आणि काठी तिच्या लांबीच्या एक तृतीयांश वाकेपर्यंत पिशवीत सेंटची नाणी टाकत जायचं. आपण रुपये टाकले असते, पण वेगवेगळ्या काळातल्या नाण्यांची वजनं जुळत नाहीत, आणि खाडीच्या काठीला तेवढी चिल्लर पुरणारही नाही. मी प्लास्टिकची बाटली टांगतो. १ मिलिलिटर पाणी म्हणजे १ ग्रॅम; औषधाच्या मापाने ओतत जायचं आणि शेवटी बाटलीचं वजन मिळवायचं. ब्लँकचं बूड टेबलाच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये गुंडाळून आवळा. बेताने, कारण पोकळ कार्बन शिकंज्यात अंड्यासारखा दबतो. टोक ३० इंच खाली येईपर्यंत पाणी ओता आणि आकडा लिहा. आता ब्लँक ९ इंच मागे सरकवून तिथे आवळा. ही झाली बूड कापलेली काठी. तिची एक तृतीयांश म्हणजे २७ इंच, तेवढं वाकवा, आकडा लिहा. मग ब्लँक परत होता तसा लावा आणि बाटली टोकापासून २ इंच आत टांगा. ही टोक कापलेली काठी. तिन्ही वेळा वाकलेल्या काठीचा भिंतीच्या पार्श्वभूमीवर बाजूने फोटो काढा. आकड्यांपेक्षा ते तीन बाक शेजारी ठेवून पाहिले की जास्त कळतं.

आकडे पटले तरी एक संध्याकाळ खाडीवर घालवा. रील सीट मास्किंग टेपने तात्पुरतं बसवा, गाइड (तंगूस ओवायच्या कड्या) सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या बारीक चकत्यांनी अडकवा, आणि सीट नव्या जागी ठेवून नेहमीचा ल्युअर वीस-पंचवीस वेळा फेका. मागे ९ इंच जास्तीचे लोंबतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. याच फेऱ्यात मला कळलं की मला ९ नाही, ७ इंचच कमी हवेत. गंमत म्हणजे त्या दिवशी तांबोशी लागली, आणि रबरी चकत्यांवर बसवलेल्या गाइडांनी मासा ओढणं हा काय प्रकार असतो ते मी पुन्हा अनुभवणार नाही. टेपच्या काठीला गरी लावू नका, नुसतं वजन फेका.

दोन तुकड्यांचा ब्लँक असेल तर सांध्याच्या दोन्ही तोंडांना हात लावायचा नाही. तिथली जाडी आणि उतार एकमेकांसाठी घडवलेले असतात. खालच्या तुकड्याचं बूड तेवढं कापता येतं. मग तुकडे असमान होतील, पिशवी जुनीच चालेल.

सामान: बारीक दातांचं हॅकसॉ पातं, इंचाला ३२ दात असलेलं, किंवा छोट्या रोटरी मशीनला डायमंडची चकती. मास्किंग टेप, पांढरी पेन्सिल, पाण्याचा फवारा, ४०० नंबरचा वॉटर पेपर, एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. पाइप कटर आणि पक्कड कपाटातच राहू दे, दोन्ही नळी चिरडतात. कार्बनची धूळ छातीला वाईट, कातडीला खाजरी आणि वर वीजवाहक. लॅपटॉप, चार्जर असलेल्या खोलीत हे काम नको. मी न्हाणीघराबाहेरच्या मोरीवर करतो आणि धूळ उडू नये म्हणून ओलं कापतो. पंखा बंद.

रील सीट, आर्बर (सीट आणि ब्लँकमधली फट भरणारी नळी), टिप टॉप (टोकाची कडी) आणि बुडाची टोपी आत्ता मागवू नका. मागवण्याचा मोह फार होतो, पार्सल एकत्र आलं की पैसे वाचतात वगैरे. पण नवं बूड बारीक झालेलं असतं, आर्बरचं भोक त्यावर ठरतं. आणि टोकाला हात लावला असेल तर टिप टॉपची नळी कापल्यानंतर मोजूनच घ्यावी लागते. लांबी धरताना बुडाच्या टोपीची आणि टिप टॉपची वाढ वजा करायची, नाहीतर काठी ठरवल्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्तच भरते.

खूण करताना मापाचा टेप ब्लँकशेजारी जमिनीवर सरळ पसरा, टोक भिंतीला टेकवा, दोनदा मोजा, मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोजायला लावा. माझ्याकडे हे काम आई करते आणि दर वेळी विचारते, एवढा महागाचा आणलास तो कापायला? खुणेवर मास्किंग टेपचे तीन वेढे घट्ट घ्या. टेपची कड स्वतःवर बरोबर जुळली की काटकोनातली रेघ आपोआप मिळते. कापायचं रेघेच्या बाहेरून, अर्धा मिलिमीटर सोडून.

आणि थेट रेघेवर जाऊ नका. ७ इंच जाणारच आहेत, तर पहिला काप बुडाच्या शेवटापासून २ इंचांवर घ्या. तो सरावाचा. पहिल्या ब्लँकला मी टेप न लावता आरपार करवत ओढली होती. पातं पलीकडे निघालं तिथून एक तंतू सोलत चार इंच वर गेला, उसाचं साल निघतं तसा. तेव्हा आरपार नाही: ब्लँक हळूहळू फिरवत चहूबाजूंनी उथळ खाच पाडायची, मग तीच खोल करत जायची. सुटणारा तुकडा दुसऱ्या हाताने धरायचा, स्वतःच्या भाराने मोडू द्यायचा नाही.

कापल्यावर कड वॉटर पेपरने ओलीच घासा, आतली धारही मोडा, फडक्याने पुसून वाळवा आणि उघड्या तंतूंवर पातळ एपॉक्सीचा हात द्या. पावसाळ्यात हे काम निघालं असेल तर कोरडा दिवस पाहा. दमट हवेत एपॉक्सी धुरकट, चिकट राहतं. मग स्पाइन (ब्लँकची वाकायला सगळ्यात ताठ बाजू) पुन्हा शोधा, कापण्याआधीच्या खुणेवर विसंबू नका, आणि नवी लांबी, दोन्ही व्यास आणि बाटलीचा आकडा पांढऱ्या पेन्सिलीने मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर लिहा. उरलेला ५ इंचांचा तुकडा जपून ठेवा. एपॉक्सी धरतंय का ते आधी त्याच्यावर पाहता येतं.