बकऱ्याचा गुर्दा उघडून मूत्रपिंड कसं शिकवावं

उत्सर्जनाचा धडा सुरू करताना मी दरवर्षी आधी विचारते, मूत्रपिंड काय करतं? उत्तर ठरलेलं: "बाई, रक्त गाळतं, चहाच्या गाळणीसारखं." हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं फळ्यावरच्या आकृतीतून मुलांच्या गळी उतरत नाही, म्हणून मी बकऱ्याचा गुर्दा वर्गात नेते. तुम्हालाही करायचं असेल तर असं करा.

आदल्या संध्याकाळीच मटणवाल्या दादांना सांगून ठेवा, "गुर्दा चरबीसकट हवाय, नळ्या कापू नका." बजावलं नाही तर ते सवयीने सगळं सोलून देतात, आणि नेमक्या आपल्याला हव्या त्या नळ्याच जातात. श्रावणात हा पाठ ठेवू नका. ज्यांना पाहायचं नाही त्यांना मागे बसू द्या, आग्रह अजिबात नको.

स्टीलचं ताट, धारदार सुरी, हातमोजे, भिंग, खराट्याचा हीर, निळी शाई आणि सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज एवढं पुरतं.

चरबी बोटांनीच हलक्या हाताने सोडवा. खोबणीपाशी आलात की थांबा, तिथे तीन नळ्या आहेत. जाड भिंतीची, कापली तरी तोंड उघडं राहणारी ती धमनी. पातळ, चपटी पडलेली ती शीर. पांढरट, अरुंद ती मूत्रवाहिनी. हीर घालून मुलांनाच ओळखू द्या. घाई करू नका, पाठातली सर्वांत मोलाची दहा मिनिटं हीच. मूत्रवाहिनी सापडली की तिच्यात शाईचं पाणी अगदी हळू सोडा.

आता फुगीर बाजूकडून खोबणीच्या दिशेने उभा काप घ्या आणि गुर्दा वहीसारखा उघडा. शाई मधल्या पांढऱ्या पोकळीत साचलेली दिसेल. तयार झालेलं मूत्र इथे गोळा होतं आणि त्याच नळीने खाली मूत्राशयात जातं. बाहेरच्या तांबूस थरावर भिंग धरा. बारीक लाल ठिपके दिसतात, तो एकेक ठिपका म्हणजे केशवाहिन्यांचा गुंता, गाळण्याची जागा. असा एक गुंता आणि त्याला जोडलेली बारीक नळी मिळून होतो एक नेफ्रॉन. माणसाच्या एका मूत्रपिंडात असे साधारण १० लाख नेफ्रॉन असतात. एखादं चौकस पोर म्हणेल, "बाई, पुस्तकात आत कितीतरी त्रिकोण आहेत, इथे एकच कड!" शाबासकी द्या. माणसात ते वेगवेगळे असतात, बकऱ्यात जुळून एक झालेले असतात.

मग मुख्य गोष्ट. लग्नात असतो तो २० लिटरचा पाण्याचा जार मी टेबलाशेजारी ठेवते आणि आणखी आठ जार फरशीवर खडूने काढते. नऊ जार, १८० लिटर. आपली दोन मूत्रपिंडं दिवसभरात एवढं गाळतात. शेजारी दीड लिटर पाणी ठेवते, कारण लघवी होते ती साधारण एवढीच. "बाकीचं गेलं कुठे?" विचारून गप्प राहा. कुणीतरी हळूच म्हणतं, "परत घेतलं?"

हेच ते. दिवाळीआधी आपण माळा आवरतो, तेव्हा कचरा तेवढा वेचून काढत नाही. सगळं सामान अंगणात आणतो, हवं ते परत वर चढवतो, नको ते बाहेरच राहतं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मुळात खाली उतरतच नाहीत. उतरलेलं ग्लुकोज निरोगी माणसात जवळजवळ सगळं परत जातं, पाणी आणि क्षार गरजेपुरते. यकृताने तयार केलेल्या युरियाचा मोठा वाटा मात्र मूत्रातच राहतो.

तुकडे शाळेमागे कुत्री उकरणार नाहीत इतके खोल पुरा, ताट-सुरी साबणाने धुवा.

शेवटची पाच मिनिटं मी मुलींसाठी ठेवते. लघवी गर्द पिवळी होते तेव्हा शरीर पाणी राखून धरत असतं, हे त्यांना सांगते. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही शाळेत पाणीच पीत नाही. संडासाला कडी नाही." मला पुढे बोलवेना. आठवडाभर मागे लागून कडी बसवून घेतली. तुमच्या शाळेतली कडी हा पाठ घेण्याआधीच पाहून या.