व्हीपीएनच्या कॉन्फिगमधली सायफरची ओळ बघाच
म्हापसा, पणजीकडच्या होमस्टेवाल्यांनो, पाहुण्यांच्या पासपोर्टचे स्कॅन जुन्या ओपनव्हीपीएनवरून (डेटा कुलूपबंद करून इंटरनेटवरून पाठवणारं व्हीपीएन सॉफ्टवेअर) जात असतील तर कॉन्फिग फाईल उघडून सायफरची (डेटा कुलूपबंद करायच्या पद्धतीची) ओळ बघा, तिथे बीएफ-सीबीसी (म्हणजे ब्लोफिश) किंवा ट्रिपल डेस दिसलं तर बदलून टाका. की (म्हणजे गुप्त किल्ली) कितीही लांब असू दे, या दोन्हींचा ब्लॉक (एका वेळी कुलूपबंद होणारा डेटाचा तुकडा) 64 बिटचाच ना, त्यामुळे एकाच कीवर साधारण 32 जीबी डेटा गेला की दोन सायफरटेक्स्ट (कुलूपबंद झालेले) ब्लॉक सेम यायची शक्यता बरीच वाढते, आणि सीबीसीत (प्रत्येक ब्लॉक आधीच्या ब्लॉकशी जोडायची रीत) तसं झालं की त्या दोन मूळ ब्लॉक्सचा एक्सॉर (दोघांच्या बिटमधला फरक) सरळ उघडा पडतो, 2016 मध्ये स्वीट32 हल्ल्यात हे करून दाखवलंय. एईएस या दुसऱ्या सायफरचा ब्लॉक 128 बिटचा, म्हणून तिथे ही अडचण इतक्या लवकर येत नाही. एईएस-256-जीसीएम टाका, सर्व्हर, क्लायंट दोन्हीकडे, पण ओपनव्हीपीएनचं व्हर्जन 2.4 च्या आधीचं असेल तर पहिलं अपडेट करा.