बंद पडलेली टू-स्ट्रोक चेतक पुन्हा चालू करताना

दहा-पंधरा वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या चेतकचं लोखंड सहसा शाबूत असतं, वाया जातं ते रबर: ऑइल सील, पेट्रोलची नळी, टायर. म्हणून रंग आणि सीट कव्हरवर आधी पैसे घालू नका. आणि किक तर मुळीच मारू नका. पिस्टनवरची रिंग गंजून पोर्टापाशी (ब्लॉकच्या आतल्या वायूच्या खिडकीपाशी) अडकलेली असली, तर एका झटक्यात तुटते आणि ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर, ओरखडा काढते. मग बोअर मारण्यावाचून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा करण्यावाचून, गत्यंतर राहत नाही.

पुढची मापं १४५ सीसीच्या, पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारा संपर्क) असलेल्या गाडीची आहेत.

प्लग काढा. भोकातून दोन चमचे डिझेल आणि तितकंच टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) सोडून गाडी चोवीस तास तशीच ठेवा. मग चौथा गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. चाकाचा जोर क्रॅंकला, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्याला, सर्वांत जास्त पोहोचतो तो चौथ्यातच. दोन-तीन दिवसांतही हललं नाही, तर हेड आणि ब्लॉक उतरवा. हातोडी नको. ब्लॉक परत बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्ट पोर्टकडे हवा आणि रिंगची तोंडं खोबणीतल्या पिनांवर नेमकी बसायला हवीत. पिन चुकली तर रिंग तिथेच मोडते.

आता स्पार्क. नव्या प्लगला ०.६ मिमी गॅप द्या. प्लग बॉडीला टेकवून पाहायचा, पण भोकापासून लांब, कारण आत डिझेलची वाफ असते. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळी असेल किंवा पॉइंट काळे पडले असतील, तर आधी कंडेन्सर बदला. पॉइंट झिरो पेपरने (अगदी बारीक पॉलिश पेपरने) घासून पूर्ण उघडलेल्या स्थितीत ०.४ मिमीवर लावा. मॅग्नेटच्या (क्रॅंकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) खिडकीतून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, आत जातो. मॅग्नेट काढायचा तो पुलरनेच, ठोकून नव्हे. काढलाच आहे तर त्याला क्रॅंकवर जागच्या जागी धरणारी अर्धचंद्राकृती चावीही तपासा. ती कातरली गेली असेल तर पॉइंट कितीही नीट लावा, टायमिंग जुळणार नाही.

टाकी उतरवून जुनं पेट्रोल फेकून द्या. आत गंज असेल तर मूठभर नट-बोल्ट आणि लिटरभर डिझेल टाकून टाकी जोरात हलवत राहा. नट मोजून टाका, मोजून काढा. पेट्रोल कॉक आणि नळी नवीच घ्या. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने जुनी रबरी नळी फुगते आणि भेगाळते. कार्बोरेटरला नळी येते तिथल्या बोल्टखाली बारीक जाळी असते. ती बरेच मेकॅनिकही विसरतात. जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर मारा आणि ब्रशचा नायलॉनचा केस फिरवा. मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा सैल करा, तिथून पुढे इंजिनच्या आवाजावर.

खरी गोम ऑइल सीलमध्ये आहे. क्रॅंकच्या दोन्ही बाजूंना एकेक सील असतं. मॅग्नेटकडचं वाळलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन ओरडत राहतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. हे सील मॅग्नेट काढून बाहेरून बदलता येतं. क्लचकडचं फुटलं तर गिअर ऑइल इंजिनात जळतं: पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल घटत जातं. त्यासाठी मात्र फुल इंजिन उघडावं लागतं. तेव्हा दोन्ही सील आणि बेअरिंग एकदमच बदला. कितीतरी गाड्यांना नुसता नवा पिस्टन बसवला जातो आणि तो महिन्याभरात पुन्हा धरतो, त्याचं कारण बहुधा हेच.

जुनं गिअर ऑइल काढून टाकून एसएई ३० ग्रेडचं २५० मिली भरा. पेट्रोलमध्ये पहिल्या दोन लिटरना लिटरमागे ४० मिली टू-टी, नंतर २० मिली. ते डब्यात आधी मिसळून मगच टाकीत ओता. प्लग न लावता आठ-दहा हलक्या किका मारा, ओतलेलं डिझेल बाहेर पडेल. मग प्लग, चोक, किक. पहिली दहा मिनिटं दाट धूर निघणारच, तो आपणच ओतलेल्या तेलाचा. इंजिन सुसाट सुटलं तर चोक ओढून स्विच बंद करा. तरीही थांबलं नाही, तर चौथा गिअर टाकून ब्रेक दाबा आणि क्लच सोडा.

सुरू होऊनही ओढत नसेल तर सायलेन्सर कार्बनने चोंदलाय, तो जाळून घ्या.

चाकं काढताना जपून. रिम दोन अर्ध्यांची असते. रिम ड्रमला धरणारे नट वेगळे, दोन अर्धे जोडणारे वेगळे. हवा पूर्ण सोडल्याशिवाय दुसऱ्यांना पाना लावाल, तर रिम थेट तोंडावर उडेल. टायर-ट्यूब नवे घाला, जुन्याची नक्षी कितीही चांगली दिसो.

आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) १५ वर्षांची असते. नूतनीकरणाला विमा, पीयूसी आणि पर्यावरण कराची पावती लागते, आणि गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते. तिथे चेसिस नंबर पाहतात, तेव्हा रंगाऱ्याला त्यावर पुट्टी भरू देऊ नका.